पूड तळाशी बसू देऊ नका

रामदासपेठेत राहणाऱ्याला सलाइनची नळी नवी नसते. पंचशील चौकापासून लोकमत चौकापर्यंत आणि आतल्या गल्ल्यांतही दवाखाने इतके, की महिन्यातून एकदा तरी कुणाच्या तरी खाटेशेजारी बसून थेंब मोजायची वेळ येते. घरामागच्या गॅरेजात मी अगेट आणि जास्पर घासतो. घासताना दर मिनिटाला चमच्याने पूड-पाणी सोडायचा कंटाळा आला, तेव्हा पहिला विचार साहजिकच सलाइनचा आला. औषधाच्या दुकानातून नवा सेट आणला, बाटलीत ४०० नंबरची कार्बोरंडम पूड पाण्यात कालवली, बाटली खिळ्याला अडकवली आणि नळीचं टोक फिरत्या चकतीवर धरलं. पाच मिनिटं छान थेंब पडले, मग बंद. थेंबाच्या डबीच्या तळाशी बारीक जाळी असते, ती भरून गेली. जाळी काढून पुन्हा लावलं. आता चाकाची चिमटी जिथे नळी दाबते तिथे पूड साचली, आणि बाटलीत वर नितळ पाणी, खाली चिखल.

पुढे काही महिन्यांनी एका नातेवाइकांच्या डायलिसिसच्या वेळी बसलो असताना यंत्राच्या तोंडाशी गोल फिरणारा पंप पाहिला. दोन रोलर एका मऊ नळीवरून फिरतात, नळी दाबतात आणि आतलं रक्त पुढे ढकलतात. रक्ताला पंपाचा एकही भाग लागत नाही, ते फक्त नळीत असतं. दगड घासणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. कार्बोरंडम पूड कशालाही खाते, म्हणून तिच्या वाट्याला यंत्राचा कमीत कमी भाग यावा. त्या दुपारी अर्धं कोडं सुटलं. उरलेलं अर्धं, म्हणजे तळाशी बसणारी पूड, सुटायला आणखी वर्ष गेलं. ते वर्ष तुमचं वाया जाऊ नये म्हणून हा लेख.

आधी हे यंत्र कुणाला लागतं ते सांगतो. हिरा जडवलेल्या चकत्या आणि चाकं वापरणाऱ्यांना याची गरज नाही, त्यांना नुसतं पाणी पुरतं. पूड भरून झाकण लावून फिरवायच्या पिंपालाही नाही. सपाट फिरत्या चकतीवर, म्हणजे लॅपवर, सुटी पूड वापरणारे, तीन वाट्यांमध्ये दगड फिरवून गोळे करणारे, आणि भूशास्त्राच्या प्रयोगशाळांत दगडाचे ०.०३ मिलिमीटर जाडीचे काप घासणारे, यांचं काम तासन् तास चालतं आणि पूड सतत ताजी द्यावी लागते. कारण कार्बोरंडमचे कण कापता कापता स्वतःही फुटतात. सुरुवातीची २२० नंबरची पूड थोड्या वेळाने तितकी राहत नाही. ती बोथट आणि बारीक होते, तिच्यात दगडाचा चुरा मिसळतो आणि चकती नुसती सरकू लागते.

नागपूरच्या माणसाने हा उद्योग करावा यात मला एक औचित्य दिसतं. काटोल रस्त्याच्या बाजूला माहुरझरी आहे. १९७० ते १९७२ या काळात नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं आणि २००१ पासून डेक्कन कॉलेजच्या आर. के. मोहंती यांनी पुन्हा काम केलं. शिलावर्तुळांच्या काळातल्या माणसांची दफनं तिथे मिळाली, आणि मण्यांचा मोठा उद्योगही. अगेट, कार्नेलियन, जास्पर, स्फटिक यांचे तयार मणी मिळाले, अर्धवट घडलेले मिळाले, टाकून दिलेलेही मिळाले. अर्धवट मण्यावर कामाची पायरी वाचता येते: आधी छिलून आकार, मग घासणं, भोक, शेवटी जिलई. हे दगड लाव्हाच्या थरांतल्या पोकळ्यांत तयार होतात, आणि दख्खनच्या लाव्हाची पूर्वेकडची कड नागपुराजवळच येते. सीताबर्डीची टेकडी त्याच काळ्या पाषाणाची. माहुरझरीला जाऊन मात्र मणी वेचू नका. ती संरक्षित जागा आहे, आणि जागेवरून उचललेला मणी अभ्यासकाच्या कामाचा राहत नाही.

गुजरातेत खंभातला अगेटचे मणी घोटायची जुनी रीत होती. चामड्याच्या पिशवीत मणी, कुरुंदाची पूड आणि पाणी घालून दोन माणसं ती पिशवी कित्येक दिवस इकडून तिकडे लोळवत. त्या पिशवीत पूड कधीच खाली बसत नसे, कारण पिशवी थांबतच नसे. आपल्या यंत्राचं सगळं मर्म त्या लोळणाऱ्या पिशवीत आहे.

आता बसण्याचा हिशेब. कार्बोरंडम पाण्याच्या ३.२ पट जड आहे. कण जितका मोठा तितका तो झपाट्याने खाली जातो, आणि हा वेग आकाराच्या वर्गाने वाढतो. कण दुप्पट मोठा झाला की चौपट वेगाने बसतो. २२० नंबरचा कण साधारण ६० मायक्रॉनचा. स्थिर पाण्यात तो १० सेंटिमीटर खाली जायला २० ते २५ सेकंद घेतो. ६०० नंबरचा, ९ मायक्रॉनच्या आसपासचा कण तेवढंच अंतर जायला सतरा-अठरा मिनिटं लावतो. १००० नंबरच्या कणाला तासाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे एकाच रचनेत दोन्ही पुडी चालवायचा हट्ट धरला तर एक तरी बिघडणारच. जाड पूड आणि बारीक पूड यांच्यासाठी दोन वेगळी यंत्रं करा असं मी म्हणतो ते यासाठी. दोन्ही सोपी आहेत.

जाड पुडीसाठी, म्हणजे ८० पासून २२० नंबरपर्यंत, रहाट करा. विहिरीवरचा रहाट आठवा: फिरतं चाक, त्याला बांधलेली गाडगी, खाली पाणी भरून घेतात, वर आल्यावर पन्हळीत ओततात. आपला रहाट वीतभर. सहा इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा उभा चिरून अर्धा करा आणि दोन्ही टोकं बंद करा, की तळ गोल असलेली पन्हाळी तयार होते. तळ गोल असणं महत्त्वाचं. चौकोनी डब्याच्या कोपऱ्यात पूड घर करते आणि तिला तिथून कोणी हलवू शकत नाही. ॲक्रिलिकची १२ सेंटिमीटर व्यासाची चकती कापा, तिच्या कडेला समान अंतरावर पाव चमचा मापाचे चार प्लास्टिकचे चमचे आणि त्यांच्यामधे चार आडव्या पट्ट्या बसवा. चमचे आणि पट्ट्या तळापासून ३-४ मिलिमीटर वर राहिल्या पाहिजेत. तळाला घासल्या तर पूड पन्हाळीच कापेल, फार वर राहिल्या तर पूड त्यांच्याखाली निवांत बसेल. चकतीच्या दोन्ही बाजूंना तीन बोटं जागा सोडून पन्हाळीत प्लायच्या आडव्या भिंती लावून घ्या. बाकीच्या लांबीचा उपयोग नाही, तिथे फक्त पूड साचते.

चकती फिरवायला १२ व्होल्टची गिअर मोटर घ्या, मिनिटाला २० ते ३० फेरे देणारी. सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक पार्टच्या दुकानांत ती जॉन्सन मोटर म्हणून मागितली की मिळते. मोटर पन्हाळीच्या बाहेर, वर, आडव्या दांड्याने जोडलेली हवी. दांडा पाण्याच्या पातळीच्या वर ठेवला की त्याला सील लागत नाही, आणि सील नसलं की गळतीचाही प्रश्न नाही. पुडीच्या कामात पाण्याखाली बेअरिंग कधीच ठेवू नका. मी ठेवून पाहिलं आहे. आठवडाभरात दांडा बारीक झाला आणि चकती डुलू लागली.

आता खरी युक्ती. चाक बंद-चालू करून डोस द्यायचा मोह होतो. तो टाळा, कारण चाक थांबलं की २० सेकंदांत पूड तळाशी, आणि पुन्हा सुरू झालं की पहिले दोन चमचे चिखलाचे, पुढचे पाण्याचे. चाक सतत फिरू द्या. चमचे जिथे ओततात तिथे एक छोटी पन्हळ ठेवा आणि ती लहान सर्व्हो मोटरला जोडा. पन्हळ एका बाजूला कललेली असेल तेव्हा ओतलेलं सगळं परत पन्हाळीत पडतं. डोसची वेळ आली की सर्व्हो तिला दुसरीकडे कलवतो, एका-दोन चमच्यांचं पूड-पाणी लॅपकडे जातं आणि पन्हळ परत जागेवर येते. पूड अखंड फिरत राहते आणि आपण फक्त तिची दिशा बदलतो. पन्हळ गुळगुळीत हवी आणि उतार निम्म्या काटकोनाहून कमी नको, नाहीतर जाड पूड अर्ध्या वाटेतच थांबते. पन्हळीच्या माथ्यावर साध्या पाण्याचा एक बारीक थेंबनळ सोडला तर ती आपोआप धुतली जाते. तेवढं पाणी घासताना लागतंच.

बारीक पुडीसाठी, ४०० नंबरपासून पुढे, रोलर पंप. मत्स्यालयाला औषध सोडायला किंवा प्रयोगशाळेत वापरतात तो छोटा १२ व्होल्टचा पेरिस्टाल्टिक पंप चालतो. आतली नळी सिलिकॉनची, साधारण ३ मिलिमीटर पोकळीची. दवाखान्याच्या वापरलेल्या नळ्या मिळाल्या तरी आणू नका. तो जैववैद्यकीय कचरा असतो, त्याची विल्हेवाट दवाखान्याने नियमाप्रमाणेच लावायची असते. आणि नव्या सिलिकॉन नळीचा हातभर तुकडा फार महाग नसतो.

जाड पूड या पंपात का नको? रोलर नळी पूर्ण चपटी करतो, आणि मोठा कण त्या चिमट्यात सापडला की नळीच्या आतल्या भिंतीत घुसतो. चार-पाच तासांतच नळी आतून खरवडली जाते. बारीक पूडही नळी झिजवते, पण हळू. दर आठवड्याला नळी दोन-तीन सेंटिमीटर पुढे सरकवायची, म्हणजे रोलर रोज एकाच जागी दाबत नाहीत. नळी फुटायच्या आधी तिथे पांढुरका, दुधी डाग दिसू लागतो. तो दिसला की बदला, गळायची वाट पाहू नका.

पंप चालू असताना नळीत पूड बसत नाही. मिनिटाला ६० मिली वेगाने ढकललं तर ३ मिलिमीटरच्या नळीत प्रवाह सेकंदाला १४ सेंटिमीटर धावतो, आणि त्या मानाने कणाचं बसणं नगण्य आहे. अडचण पंप थांबल्यावर येते. दोन डोसांच्या मधल्या ४० सेकंदांत आडव्या नळीच्या तळाशी पातळ थर बसतो, पुढच्या वेळी त्याच्यावर दुसरा. संध्याकाळपर्यंत नळी बंद. याला दोन उपाय आहेत, दोन्ही मी वापरतो.

पहिला उपाय बांधणीचा. पंप लॅपच्या थेट वर टांगा आणि पुडीचं भांडं पंपाच्या खाली, लॅपच्या शेजारी ठेवा. भांड्यातून वर येणारी नळी उभी, आणि पंपातून लॅपकडे जाणारी नळीही उभी. मग पंप थांबला तरी बसणारा कण एकतर परत भांड्यात पडतो किंवा लॅपवर पडतो. नळीला कुठेही झोळ नको, कुठेही आडवा टप्पा नको. ही रचना जमली तर बाजारात मिळणारा साधा चालू-बंद टायमर पुरतो, प्रोग्रामिंग लागत नाही. ज्यांना संगणकाच्या वाटेला जायचं नाही त्यांनी इथेच थांबावं. यंत्र उत्तम चालेल.

दुसरा उपाय उलट फिरवण्याचा. जागेमुळे नळी तिरकी न्यावीच लागत असेल तर डोस दिल्यावर पंप काही सेकंद उलटा फिरवून नळीतली सगळी स्लरी, म्हणजे पूड-पाणी, भांड्यात परत ओढून घ्यायची. त्यासाठी प्रोग्राम करता येणारा छोटा अर्डुइनो आणि एल-२९८ मोटर ड्रायव्हर लागतो. आकडे असे: पंपापासून तोटीपर्यंत ३० सेंटिमीटर आणि भांड्यापासून पंपापर्यंत १० सेंटिमीटर नळी धरली, तर त्यात सुमारे २.८ मिली मावतं. पंप सेकंदाला १ मिली देत असेल तर ५ सेकंद पुढे, ३ सेकंद मागे, ४० सेकंद विश्रांती. पुढच्या ५ सेकंदांतले पहिले २.८ नळी भरण्यात जातात, उरलेले सुमारे २.२ मिली लॅपवर पडतात. तासाला असे ७५ डोस होतात, म्हणजे १६५ मिली स्लरी. तोटी चकतीच्या दोन सेंटिमीटर वर ठेवा. ती चकतीवरच्या पाण्यात बुडाली तर उलट ओढताना दगडाचा चुरा भांड्यात येईल.

पंप सांगितलेल्या वेगाने चालतो असं गृहीत धरू नका. दहा मिलीची नवी सिरिंज किंवा मापाचा नळकांडा घ्या, साधं पाणी भरा, पंप एक मिनिट चालवा आणि मोजा. मग स्लरी भरून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे भांड्यावर मार्करने लिहून ठेवा. नळी जुनी झाली की आकडा घसरतो. तो १५-२० टक्क्यांनी घसरला की मी नळी बदलतो.

बारीक पुडीचं भांडं म्हणून दोन लिटरची शीतपेयाची बाटली तळ कापून उलटी लावा. तोंड खाली असलेला तिचा निमुळता भाग पुडीला एका बिंदूकडे आणतो. पण नळी त्या बिंदूतून घेऊ नका, तिथे गुठळी अडकते. नळी वरून आत सोडा आणि टोक तळापासून दोन सेंटिमीटर वर ठेवा. ढवळायला दोन पर्याय आहेत. पहिला, वरून लटकवलेली मिनिटाला शंभर-सव्वाशे फेऱ्यांची गिअर मोटर आणि तिच्या दांड्याला पट्टी. पट्टीने पाणी नुसतं गोल फिरतं, मध्ये भोवरा पडतो आणि पूड कडेला खाली बसते, म्हणून बाटलीच्या आतल्या भिंतीला दोन उभ्या पट्ट्या चिकटवा. गोल प्रवाह त्यांच्यावर आपटतो आणि वर-खाली होतो. चुंबकाने फिरणारी ढवळणी मात्र वापरू नका, तिचा तुकडा तळाशीच घसटतो आणि पुडीत घासून संपतो.

दुसरा पर्याय मला जास्त आवडतो. मत्स्यालयाचा हवेचा पंप घ्या, नळीत एकतर्फी झडप बसवा म्हणजे लाइट गेली की स्लरी पंपात शिरणार नाही, आणि हवेची नळी बाटलीच्या निमुळत्या टोकाशी सोडा. बुडबुडे वर जाताना पूड उचलतात, ती कडेने खाली घसरते आणि पुन्हा उचलली जाते. फिरणारा एकही भाग पुडीत नाही. ५०० नंबर आणि त्याहून बारीक पुडीला हे छान चालतं. जाड पूड मात्र बुडबुड्यांनी उचलली जात नाही.

स्लरीचं प्रमाण: बारीक पुडीसाठी लिटरभर पाण्यात १०० ग्रॅमपासून सुरुवात करा. रहाटात दुप्पट चालते. पूड तरंगत ठेवायला थोडी माती घालायची पद्धत आहे, आणि आपल्याकडे मुलतानी मातीचं काम चांगलं होतं. लिटरला दोन चमचे, आधी रात्रभर भिजवून, सुती कापडातून दोनदा गाळून. न गाळलेल्या मातीत वाळूचे कण असतात, आणि एक वाळूचा कण ६०० नंबरच्या तासभर कामावर पाणी फिरवतो. म्हणून माती फक्त जाड आणि मधल्या पुडीत घाला. १००० नंबरमध्ये आणि शेवटच्या जिलईच्या सेरियम ऑक्साइडमध्ये नको. हवेने ढवळत असाल तर भांडी घासायचं साबण-द्रावणही घालू नका. फेस भांड्याबाहेर येतो आणि बुडबुड्यांची ताकद संपते.

इथे एक विनंती. नागपुरात प्रत्येक घरात कूलरचा जुना पंप पडलेला असतो, आणि त्याला पूड-पाण्यात बुडवायची कल्पना प्रत्येकाला सुचते. तो पुडीत टाकू नका. त्याचा छोटा पंखा तासाभरात बोथट होतो, आणि त्याच्या झिजलेल्या प्लास्टिकचे तुकडे दगडाखाली येतात. साध्या पाण्याच्या थेंबनळासाठी मात्र तो उत्तम. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की भांड्यातलं पाणी पाहता पाहता उडतं आणि स्लरी घट्ट होते. डोस तोच, पण पूड जास्त जाते आणि चकती जड चालते. उन्हाळ्यात भांड्याला झाकण हवं आणि बाहेरून पाण्याच्या पातळीची रेघ मारलेली हवी. दर तासाला रेघ गाठेपर्यंत साधं पाणी घाला.

डोस कुठे पडावा? लॅपच्या मध्यापासून एक तृतीयांश अंतरावर. फिरतीमुळे तो स्वतःच बाहेर पसरतो. कडेजवळ सोडला तर दगडाला लागण्याआधी उडून जातो. गोळ्याच्या यंत्रावर वरून, गोळ्याच्या माथ्यावर. खाली तबक ठेवून ओघळलेलं परत भांड्यात नेता येतं, पण त्यात दगडाचा चुरा वाढत जातो, म्हणून दर काही तासांनी ते बदलावं.

प्रमाण योग्य आहे की नाही हे कान सांगतो. पुरेशी ताजी पूड असेल तर सारखी खसखस ऐकू येते. ती बारीक होऊन किंचाळी येऊ लागली, दगड अडकू लागला, तर पूड कमी आहे किंवा जुनी आहे. विश्रांती ५ सेकंदांनी कमी करा. आवाज जवळजवळ नाहीसा झाला, दगड हाताखाली तरंगतोय असं वाटलं आणि गॅरेजच्या भिंतीवर काळे शिंतोडे दिसले, तर पूड जास्त आहे. दगडागणिक आकडा बदलतो. अगेटला मी सुरुवातीचे ४० सेकंद ठेवतो. स्टिल्बाइट, हुलँडाइटसारख्या झिओलाइटांची कठीणता चारच्याही आसपास जेमतेम, आणि अपोफिलाइट तर पापुद्र्यांनी सुटतो. त्यांना ८० नंबर दाखवू नका, थेट ४०० वर घ्या आणि विश्रांती दुप्पट ठेवा.

विजेबद्दल आग्रहाने सांगतो, कारण इथे पाणी, पाण्यात मीठ-माती आणि २३० व्होल्ट एका ओट्यावर येतात. पंप, सर्व्हो, ढवळणी सगळं १२ किंवा ५ व्होल्टवर, आणि वीजपुरवठ्याचा डबा लॅपपासून हातभर दूर, वर भिंतीवर. ३० मिलिअँपिअरचा गळती-ब्रेकर लावल्याशिवाय पहिला डोसही देऊ नका. लॅपच्या मोटरला साध्या बटणाऐवजी हिरवं-लाल बटण असलेला स्टार्टर लावा, शेतातल्या मोटरपंपाला असतो तसा. लाइट गेली की तो सुटतो आणि लाइट आल्यावर आपोआप चालू होत नाही. पुडीच्या पंपाचा पुरवठा त्या स्टार्टरच्या पुढून घ्या, म्हणजे लॅप बंद असताना पूड पडणार नाही. ढवळणी मात्र वेगळ्या बटणावर ठेवा. लाइट गेल्यावर पूड तळाशी बसलेली असते, म्हणून आधी ढवळणी चालू करा, दोन मिनिटं थांबा, मगच स्टार्टर दाबा. अर्डुइनो वापरत असाल तर ही दोन मिनिटं त्यालाच मोजू द्या. चालू झाल्यावर पहिले १२० सेकंद डोस देऊ नकोस, एवढंच त्याला लिहायचं.

प्रत्येक नंबरला वेगळं भांडं, वेगळी नळी, वेगळी ढवळणी. पंपाचं डोकंसुद्धा वेगळं ठेवलं तर उत्तम, नाहीतर निदान नळी तरी. प्रत्येकावर रंगीत टेप: माझ्याकडे २२० ला लाल, ४०० ला पिवळी, ६०० ला हिरवी, १००० ला पांढरी. लाल भांड्याला लागलेला हात पांढऱ्याला लागायच्या आधी नळाखाली, नखांसकट धुतला गेला पाहिजे. जिलईवर आलेला एक लांब ओरखडा बहुतेक वेळा नखाखालच्या एका कणाचा असतो, आणि तो काढायला तीन पायऱ्या मागे जावं लागतं.

आणि धूळ. अगेट, जास्पर, स्फटिक सगळे सिलिकाच. त्यांची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, आणि खंभातच्या अगेट कारागिरांमध्ये या आजाराने किती घरं पोळली हे भारतातल्या आरोग्य-अभ्यासांनी नोंदवलेलं आहे. ओल्या घासणीत धूळ उडत नाही, पण भिंतीवरचा शिंतोडा वाळला की तोच धूळ होतो. म्हणून झाडू नाही, ओला कपडा. वाळलेलं भांडं साफ करताना एन-९५ मास्क. लहान मुलांना लॅपजवळ बसवायचं असेल तर फक्त घासताना, साफ करताना नाही.

वापरलेली स्लरी बेसिनमध्ये किंवा अंगणातल्या नाल्यात ओतू नका. पाइपच्या वाकणात ती सिमेंटसारखी बसते, आणि शहरातले नाले शेवटी नागनदीला किंवा पिवळी नदीला मिळतात. बादलीत ओता, रात्रभर ठेवा. वरचं नितळ पाणी दुसऱ्या दिवशी स्लरी कालवायला वापरता येतं, फक्त त्याच नंबरसाठी किंवा त्याहून जाड नंबरसाठी. तळाचा चिखल वाळू न देता पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्या.

काम संपवताना मी हा क्रम पाळतो. शेवटच्या डोसनंतर पुडीचं भांडं बाजूला काढून त्या जागी साध्या पाण्याचं भांडं ठेवतो आणि पंप दोन मिनिटं चालवतो, तोटीतून स्वच्छ पाणी येईपर्यंत. मग रोलरचं झाकण उघडून नळी पंपातून सोडवतो. रात्रभर एकाच जागी दाबलेली राहिली तर ती चपटी होते आणि सकाळी मोजमाप चुकतं. रहाटाच्या पन्हाळीतली स्लरी त्याच रंगाच्या टेपच्या बाटलीत ओततो, चाक उचलून पाण्यात उभं ठेवतो. हवेचा पंप रात्रभर चालू ठेवला तरी चालतो. बारीक पुडीच्या भांड्यात तो मी बंद करतच नाही, आणि सकाळी लेंड्रा पार्कमधून फिरून आलो की बुडबुडे तसेच चालू असतात, पूड तशीच तरंगत असते.